चार आठवड्यांचं जपान: आपल्या गावाकडून जायचं तर

जपानच्या एखाद्या विद्यापीठात चार आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम करायचा असेल तर तिथलं वेळापत्रक पाहण्याआधी आपल्या विद्यापीठाचं पाहा. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला पहिलं सत्र संपतं आणि दुसरं सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतं. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे दोन ते सहा आठवड्यांचे अभ्यासक्रम बहुतेक करून जूनअखेर ते ऑगस्ट या काळात असतात, काही जानेवारी ते मार्चमध्ये. आपल्याकडे अमरावती विद्यापीठ असो की नागपूर, उन्हाळी परीक्षा रेंगाळत जूनपर्यंत येतात. शेवटचा पेपर आणि तिकडचा पहिला वर्ग यांत निदान दोन आठवडे राहतील असाच अभ्यासक्रम निवडा, कारण पेपर पुढे ढकलले जाणं आपल्याला नवीन नाही.

माझं मत जुलैच्या बाजूने. जुलैत आपलं सत्र नुकतंच उघडलेलं असतं, प्रवेश चालूच असतात, वर्गातले अर्धे बाक रिकामे. तीन-चार आठवडे बुडाले तरी ७५ टक्के हजेरीचं गणित पुढे सांभाळता येतं. फेब्रुवारी-मार्च निवडला तर प्रात्यक्षिकं, अंतर्गत परीक्षा आणि घरी हरभऱ्याची सोंगणी सगळं एकदम अंगावर येतं. जुलैत वावरात निंदण असतं हेही मला माहीत आहे. तेवढं मायबापांशी आधी बोलून ठेवा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इतिहास शिकवते. क्योटोमध्ये असाच एक उन्हाळी अभ्यासक्रम मी केला आहे, आणि तेव्हापासून "म्याडम, मले जपानले जाचं हाय" म्हणत येणाऱ्या पोट्ट्यापोट्टींचे कागद लावून देणं हा माझा बिनपगारी धंदा झाला आहे. त्यातले बहुतेक ॲनिमे पाहून आलेले असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त अर्जात तेवढंच लिहून भागत नाही.

घरून प्रश्न घेऊन जा

अर्जात एक पान हमखास लिहायचं असतं: हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे? आमच्या मुलांचं पहिलं उत्तर ठरलेलं. जपानी लोक शिस्तप्रिय आहेत, वेळ पाळतात, स्वच्छता ठेवतात, मला त्यांच्याकडून शिकायचं आहे. हे वाचून वाचून निवड करणाऱ्याचे डोळे थकलेले असतात. चार आठवड्यांत कुणाला जपान कळत नाही, एखादी गोष्ट तेवढी नीट पाहून होते. ती कोणती, हे इथूनच ठरवा. आपल्याच पंचक्रोशीत तिचा धागा सापडला तर सोन्याहून पिवळं.

आणि आपल्याकडे असे धागे आहेत. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत "नम्यो हो रेंगे क्यो" येतं. शाळेच्या सहलीत ते सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं, पण ते जपानी आहे हे विचारलं तर वर्गात एखादाच हात वर होतो. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्यामुळे हा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. मूळ मंत्र तेराव्या शतकातल्या निचिरेन या भिक्षूच्या परंपरेतला, सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाला वंदन करणारा. वर्ध्यात गीताई मंदिराजवळ जो विश्वशांती स्तूप आहे तो फुजींच्याच निप्पोनझान म्योहोजी पंथाचा. आमच्या एका मुलीने अर्जात एवढंच लिहिलं: हा मंत्र मी लहानपणापासून ऐकते, निचिरेन परंपरेचं मुख्य मंदिर यामानाशी प्रांतात मिनोबु डोंगरावर आहे, तिथल्या पहाटेच्या प्रार्थनेत तो कसा म्हणतात ते मला ऐकायचं आहे. मुलाखतीत तिला शिस्तीबद्दल एकही प्रश्न आला नाही. सगळा वेळ सेवाग्रामवरच गेला.

नागपूरकडच्या मुलांना मी मारबत हा पुतळ्यांच्या मिरवणुकीचा सण सुचवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, रोगराई-इडापिडा घेऊन जा म्हणत लोक तिला वस्तीबाहेर नेऊन जाळतात. क्योटोचा गिओन उत्सव ८६९ साली साथीचे रोग घालवण्यासाठी सुरू झाला असं मानतात. तो जुलैभर चालतो, आणि १७ व २४ तारखेला उंच लाकडी रथांच्या मिरवणुका निघतात. मिरवणुकीपेक्षा मला तिच्या आधीचा आठवडा जास्त मोलाचा वाटतो. भर रस्त्यात रथ उभे करायचं काम चालतं, खिळे न ठोकता नुसत्या दोरांनी लाकूड बांधत जातात, आणि कुणीही बाजूला उभं राहून पाहू शकतं. प्रत्येक रथ एकेका मोहल्ल्याचा. वर्गणी कोण देतं, दोर बांधायला कोण शिकवतं, पोरं गाव सोडून गेल्यावर रथ कोण ओढतं, हे प्रश्न मारबतीच्या मंडळांनाही लागू पडतात. जायच्या आधीच्या पोळ्याला नागपुरात जाऊन दोन-चार म्हाताऱ्यांशी बोला, टिपणं ठेवा. तुमचा प्रकल्प तिथेच अर्धा होतो.

कास्तकाराच्या घरातलं पोट्टं असेल तर कापूस धरावा. १८९३ मध्ये निप्पोन युसेन काइशा या जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने मुंबई ते कोबे अशी वाहतूक सुरू केली, ती मुख्यतः इथला कापूस जपानी गिरण्यांना न्यायला. याच टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ पासून चालत होती. तिकडे तोकुशिमा प्रांताची नीळ नावाजलेली. उत्तर जपानात थंडीसाठी निळीत रंगवलेल्या कापडाचे थर एकावर एक ठेवून पांढऱ्या दोऱ्याने टाके घालत, त्याला साशिको म्हणतात. आजीची वाकळ मांडीवर घेऊन वाढलेल्या मुलीला ते टाके दाखवायला कुणाची गरज पडत नाही. अनेक अभ्यासक्रमांत निळीच्या रंगाईची एक दुपार असते. त्या दुपारी बाकीचे रुमाल रंगवून फोटो काढतात, तुम्ही कापूस कुठून येतो ते विचारा.

संस्कृतवाल्यांना, विशेषतः रामटेकच्या कालिदास विद्यापीठातल्या मुलांना, एकच नाव सांगते: कोयासान. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने वसवलेलं डोंगरावरचं मठांचं गाव. तिथल्या ओकुनोइन स्मशानभूमीत दगडी स्तूपांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत अक्षरं कोरलेली आहेत. ती लिपी भारतात कधीच वापरातून गेली, तिथले भिक्षू अजून कुंचल्याने लिहितात.

अर्ज कुठे, पैसे कुणाचे

थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जा. टोकियोत सोफिया, वासेदा आणि मेइजी, क्योटोत रित्सुमेइकान ही बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी अभ्यासक्रम चालवणारी जुनी नावं. मेइजीचा दोनेक आठवड्यांचा आहे, वासेदाचा चारेक. बरेच वर्ग इंग्रजीतून चालतात, सोबत रोजचा जपानी भाषेचा तास. अर्ज साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मागवतात, म्हणजे तुम्हाला दिवाळीपासून हालचाल करायची आहे.

शिष्यवृत्तीबद्दल गावात फार गैरसमज फिरतात, म्हणून स्पष्ट सांगते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे, चार आठवड्यांसाठी नाही. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती जपानी भाषा आणि संस्कृतीसाठीही मिळते, पण ती वर्षभराची आणि पदवीला जपानी हाच मुख्य विषय असणाऱ्यांना. आपल्या तालुक्यांत तसं कुणी भेटणं कठीण. जास्सो या संस्थेकडून अल्पकालीन विद्यार्थ्यांना महिन्याला ८०,००० येन मिळतात, मात्र दोन्ही विद्यापीठांत देवाणघेवाणीचा करार लागतो. तुमच्या विद्यापीठाचा असा करार कुणाशी आहे का, हे आंतरराष्ट्रीय कक्षात जाऊन तोंडी विचारा. ईमेलच्या भरवशावर बसू नका. विज्ञानाच्या मुलांसाठी २०१४ पासून साकुरा सायन्स कार्यक्रम आहे. त्यात खर्च जपान करतं, पण अर्ज तिथली संस्था करते, म्हणून तुमच्या प्राध्यापकांची तिकडे ओळख असेल तरच तो रस्ता उघडतो. जेनेसिस हा युवा भेटीचा कार्यक्रम आठवड्याभराचा, निवड नामांकनाने.

यातलं काही जमलं नाही तर खर्च स्वतःचा. हिशेब असा. शुल्क अभ्यासक्रमानुसार एक लाखापासून चार लाख येनपर्यंत. मधला दोन लाखांचा धरू. चार आठवडे वसतिगृह ८०,००० येन, जेवण ५०,०००, बस-रेल्वे २०,०००. एक येन साधारण ५५ ते ६० पैसे धरला तर हे झाले दोन लाख रुपये. विमानाचं येणं-जाणं ५० ते ७० हजार, वर व्हिसा, विमा, मुंबईच्या चकरा. एकूण तीन लाखांच्या घरात.

पाच एकर कोरडवाहू वावर असलेल्या घरात तीन लाख म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. म्हणून माझं ऐका, यासाठी वावर गहाण टाकू नका, सावकाराकडे तर मुळीच नको. पैसे नसतील तर दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम पाहा, नाहीतर पदवीनंतर नोकरी लागल्यावर जा. बहुतेक उन्हाळी वर्गांना वयाची खालची अट १८ असते, वरच्या अटीची भीती फारशी नाही. आणि "तिथं जाऊन पार्टटाइम करू, पैसे फिटतील" असं सांगणारा एजंट भेटला तर त्याच्या चहाचेही पैसे तुम्ही देऊन उठा. ९० दिवसांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर कमाईचं काम करता येत नाही. आठवड्याला २८ तासांची जी सवलत ऐकू येते ती विद्यार्थी व्हिसावाल्यांना, तीही वेगळी परवानगी काढल्यावर.

कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि शहरातल्या मार्गदर्शकांत हे लिहिलेलं नसतं.

पासपोर्ट आधी. विदर्भाचं काम नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आहे. ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये. अडतं ते नावावर. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. विद्यापीठाचा अर्ज पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच भरायचा, म्हणून ही दुरुस्ती पहिली. पोलिस पडताळणीला ठाण्यातून फोन येतो तेव्हा घरी कुणीतरी असू द्या. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळं घर वावरात असतं आणि फोन खुंटीवर.

तीन महिन्यांच्या आतल्या अभ्यासक्रमाला साधारणपणे अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. त्याहून लांब असेल तर विद्यार्थी व्हिसा, आणि त्यासाठी तिथलं विद्यापीठ पात्रतेचं प्रमाणपत्र काढून पाठवतं, ज्याला दोन-तीन महिने सहज लागतात. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या जपानी वकिलातीच्या अखत्यारीत येतात. एकेरी प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिने चालतो, तेव्हा घाई करून जानेवारीत काढून जुलैत वापरता येत नाही. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी अर्ज टाकला की मधे एखादा कागद परत मागितला तरी धडधड होत नाही.

आता आर्थिक कागद. यादीत आयकर विवरणपत्र आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट असतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आपल्या बापाने विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. त्याऐवजी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडायचं, सोबत बापाच्या सहीचं एक पानी पत्र: मी शेतकरी आहे, शेती उत्पन्नावर कर नाही म्हणून विवरणपत्र नाही, मुलीचा खर्च मी करतो. दुसरी अडचण कापसाच्या पैशाची. वर्षभर खात्यात चार-पाच हजार आणि डिसेंबरात एकदम दीड लाख, असं स्टेटमेंट परक्या माणसाला संशयास्पद दिसतं. म्हणून बाजार समितीची किंवा खरेदी केंद्राची हिशेबपट्टी जपून ठेवा आणि त्या जमा रकमेशेजारी ती लावा. काकाकडून आठ दिवसांसाठी लाख रुपये आणून खात्यात दाखवायची युक्ती गावात कुणीतरी सुचवेलच. करू नका, स्टेटमेंटवर ते लगेच उघडं पडतं.

कॉलेजकडून बोनाफाईड आणि प्राचार्यांचं ना-हरकत पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, बाबूचं काम वाचतं आणि तुमचेही दिवस वाचतात. विद्यापीठाचं ट्रान्स्क्रिप्ट लागत असेल तर त्याला महिना धरा.

भाषा किती लागते

उन्हाळी वर्गाला बहुधा शून्यापासूनही घेतात. तरी हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, इथूनच शिकून जा. घरचं काम करता करता दीड महिन्यात होतात. जपान फाउंडेशनचं मिनातो हे ऑनलाइन व्यासपीठ आणि इरोदोरी हे पुस्तक फुकट आहे. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे सोपे जपानी धडे हिंदीतूनही मिळतात. क्रियापद शेवटी येणारी वाक्यं आपल्याला जड जात नाहीत, आणि जपानीतला "त्सु" काढताना इंग्रजी शाळेतली मुलं अडखळतात तिथे आपण "चमचा"तला च म्हणून मोकळे होतो. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, सर्वांत खालची पायरी एन-५. ती अट नसली तरी डिसेंबरमध्ये दिली तर अर्जाला वजन येतं. पुण्याचं केंद्र घ्या. महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्ध्याहून थेट जाते, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पु. ल. देशपांडे उद्यान पाहून होतं. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलं आहे.

बॅग आणि तिथलं राहणं

मे महिन्यातलं वर्धा सोसलेल्यांना वाटतं जपानचा उन्हाळा काय करणार. क्योटोच्या जुलैत पारा ३५ अंशांच्या आसपासच राहतो, पण हवा ओली, घाम वाळत नाही. सुती कपडे न्या, जीन्स एकच.

विजेचा दाब १०० व्होल्ट आणि दोन चपट्या पात्यांचा प्लग. मोबाइलचा चार्जर चालतो, इथली इलेक्ट्रिक किटली किंवा प्रेस चालत नाही. ताजी फळं, बियाणं, मांसाचे पदार्थ विमानतळावर अडवतात, म्हणून संत्र्यांची पेटी घरीच राहू द्या. जवसाची कोरडी चटणी सीलबंद करून न्या. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि स्यूडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या यांवर तिथे कडक नियम आहेत, त्या काढून टाका. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट एक महिन्यापुरतीच. भेट द्यायला वर्ध्याच्या मगन संग्रहालयातले खादीचे रुमाल उत्तम. हलके असतात आणि प्रत्येकामागे सांगायला काही असतं. देताना दोन्ही हातांनी.

खाण्याचा प्रश्न माळकरी घरातल्यांना खरा. मांस दिसतं तरी, दाशि दिसत नाही. हे वाळवलेल्या माशाचं पाणी सूपात, भाजीत, नूडल्सच्या रश्श्यात असतं, वरून सगळं हिरवंगार. "निकु मो साकाना मो ताबेमासेन", म्हणजे मांसही मासेही खात नाही, हे पाठ करा आणि दाशिबद्दल वेगळं विचारा. चोवीस तास उघड्या दुकानांत ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे मिळतात. त्यात उमेबोशी म्हणजे आंबट-खारट फळाचा शोधा, लोणच्याची सवय असलेल्या जिभेला तो लवकर पटतो. मठातलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही, पण महाग. रोजसाठी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात खिचडी लावणं सगळ्यांत सोपं. मूगडाळ तिथल्या भारतीय दुकानात मिळते.

बाकी गोष्टी पहिल्या दिवशी तेच समजावून सांगतात: चपला दारात, टबात उतरण्याआधी बाहेर साबणाने आंघोळ, कचरा वेगवेगळा आणि ठरल्या वारी, रेल्वेत फोनवर बोलायचं नाही. पोलिसांना ११०, रुग्णवाहिकेला ११९. सेफ्टी टिप्स हे भूकंपाची सूचना देणारं ॲप उतरल्या उतरल्या टाका. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. आई रात्री आठला जेवणं आटोपून फोन करते तेव्हा तुमचे साडेअकरा वाजलेले असतात आणि शेजारच्या खोलीतला झोपलेला असतो. तुमच्या संध्याकाळी सात वाजता, म्हणजे घरच्या दुपारच्या साडेतीनला, अशी वेळ ठरवून घ्या. वावरात नेटवर्क कुठल्या बांधावर येतं हे त्यांना माहीत असतंच.

परतताना अभ्यासक्रमाचं गुणपत्रक आणि तासांची नोंद असलेलं पत्र हातात घेऊनच निघा, मागाहून टपालाने येईल या आशेवर राहू नका. आल्या आठवड्यात ते कॉलेजात द्या, श्रेयांक मिळतात का ते परीक्षा विभागात विचारा, आणि बुडालेल्या अंतर्गत चाचणीची तारीख प्राध्यापकांकडून लेखी घ्या. हिवाळी परीक्षेचे फॉर्म तोवर सुटलेले असतात.